आतल्या बाजूची पाटी

माझी बायको कुलपाला जुमानत नाही, पाटीला जुमानते. हा शोध मला लागला तेव्हा मी इतका खूश झालो की घरातल्या घरात एक चक्कर मारून आलो. आता त्या खुशीची आठवण झाली की स्वतःच्याच कानाखाली वाजवावीशी वाटते.

त्याआधी सगळं करून झालं होतं. कडी, साखळी, वरचा बोल्ट, दाराला टेकवलेली खुर्ची. तिची आठवण गेली, पण बोटांची अक्कल शाबूत आहे. कुठलीही कडी ती माझ्याआधी काढते. एका सकाळी मी दाढी करत होतो तेवढ्यात ती गाऊनवरच निघून गेली. सापडली ती तिच्या जुन्या हॉटेलच्या मागच्या दाराशी, पहिल्या पाळीच्या बायकांच्या रांगेत, अनवाणी. तिच्या हाताखाली शिकलेली एक बाई त्या रांगेत होती म्हणून निभावलं. नव्या मॅनेजरनं मला फोन केला तो ‘तुमची काहीतरी वस्तू इथे राहिली आहे’ अशा सुरात. त्याचे दात घशात घालावेत असं वाटलं, पण मी ‘आभारी आहे’ म्हणालो.

त्या हॉटेलात तिनं उभा जन्म काढला. आधी खोल्या आवरायची, मग खोल्या आवरणाऱ्यांवर देखरेख करायची. मी लिफ्टवाला. लिफ्ट बसवणं, दुरुस्त करणं, अडकलेल्या माणसांना बाहेर काढणं. आमचं लग्नच मुळी लिफ्टनं जमवलं. टॉवेलांच्या गाडीसकट ती दोन मजल्यांच्या मध्ये अडकली होती. मी फटीतून ओरडलो, “दाराला हात लावू नका, मी येतोय.” अडकलेली माणसं रडतात, शिव्या देतात, देव आठवतात. ही आतून म्हणाली, “या सावकाश. मी तोवर टॉवेलांच्या घड्या घालते.” दार उघडलं तेव्हा सगळे टॉवेल घडी घालून हातावर घेतलेले, आणि वर मलाच विचारते, “दमलात का?” अशा बाईशी लग्न न करणारा मूर्खच म्हणायचा.

रिटायर झाल्यावर काय करायचं ते आमचं तेव्हापासून ठरलेलं होतं. हॉटेलात राहायचं, पाहुणे म्हणून. आज इथे, उद्या तिथे. मला उघड्यावर जायचं होतं. माझं अख्खं आयुष्य चौकोनी भोकात वर बघण्यात गेलं, त्यामुळे मला समुद्र हवा होता, ज्याला भिंत नाही. तिची मागणी साधी होती. “अहो, मला एकदा ओला टॉवेल जमिनीवर टाकून निघून जायचंय,” ती म्हणायची. “कुणीतरी येऊन उचलेल. बघू तरी कसं वाटतं ते.”

पहिल्याच प्रवासात तिला ते जमलं नाही. टॉवेल टाकला, दारापर्यंत गेली, परत आली, उचलला. आम्ही पोट धरून हसलो. त्याच प्रवासात शेवटच्या दिवशी तिनं मला विचारलं की आपली पाळी कधी संपते. तेव्हाही मी हसलो. मला वाटलं, थट्टा करतेय.

पुढचं सांगत बसत नाही. ज्यांच्या घरात हे आहे त्यांना माहीत आहे आणि ज्यांच्या घरात नाही त्यांना सांगून कळत नाही. हळूहळू ती मला ‘अहो’ म्हणायची थांबली. पाण्याचा पेला हातात देऊन ‘पी’ म्हटल्याशिवाय तिला तहान लागल्याचंही कळेना. बॅग पलंगाखाली गेली. मी दिवसभर तिच्या मागे फिरायचो आणि ती झोपली की समुद्राचे फोटो बघत बसायचो. मी तिच्यावर प्रेम करतो आणि मला तिच्यापासून पळून जायचं होतं. दोन्ही खरं आहे. कुणी म्हणेल एकच काय ते सांगा, तर मी सांगणार नाही.

आमची मुलगी, म्हणजे ठमी, लांब राहते आणि फोनवरून संसार चालवते. स्वतःचा, शिवाय माझाही. “बाबा, आईला त्या केंद्रात ठेवू. चांगली माणसं आहेत. तुम्ही पण जरा मोकळे व्हाल.”

“तुझी आई म्हणजे काय बॅग आहे, ठेवून पावती घ्यायला?” मी म्हणालो.

पण मी ते केंद्र बघून आलो होतो. ठमीला सांगितलं नाही. स्वच्छ होतं. बंद टीव्हीसमोर ओळीनं म्हातारी माणसं बसली होती. खिडकीजवळचा एक पलंग मला दाखवला आणि माझ्या मनात पहिला विचार आला तो ‘बरा आहे’ असा. मी बाहेर येऊन फुटपाथवरच बसलो. त्या पलंगाची मला भीती नव्हती वाटली. तो मला बरा वाटला, त्याची वाटली.

अशात ती पाटी हाताला लागली. हॉटेलातल्या खोल्यांच्या दाराला अडकवतात ती, तांबडी, ‘कृपया त्रास देऊ नये’ लिहिलेली. नोकरीच्या शेवटच्या दिवशी तिनं ती गंमत म्हणून घरी आणली होती आणि दुसऱ्या दिवशी आमच्या झोपायच्या खोलीला लावून उशिरापर्यंत लोळली होती. ड्रॉवर आवरताना ती निघाली. दोन्ही हात भरलेले होते म्हणून मी ती घराच्या दाराच्या मुठीला अडकवली, आतल्या बाजूनं. थोड्या वेळानं बाईसाहेब पर्स घेऊन निघाल्या. दारापाशी गेल्या, पाटी पाहिली, पुढे केलेला हात मागे घेतला. मग माझ्याकडे वळून ती कुजबुजली, “साहेब झोपलेत. नंतर येऊ.” आणि पावलं न वाजवता परत आली.

म्हणजे तिच्या लेखी दाराच्या पलीकडे पाहुण्याची खोली होती आणि आपण बोळात उभे होतो. पाटी असलेल्या दाराला हात लावायचा नाही, हे तिच्या हाडात मुरलेलं होतं. माझं नाव गेलं, ठमीचं गेलं, पण ते राहिलं. मी दुसऱ्या दिवशी पुन्हा करून पाहिलं. तिसऱ्या दिवशीही. पाटी लावायची आणि निवांत अंघोळ करायची. कुलपासारखा आवाज नाही, कोंडल्याचं पाप नाही. मी ठमीला फोन केला.

“मी आईला घेऊन समुद्रावर जातोय.”

मग ठमी म्हणाली, “केंद्रात पुढच्या महिन्यात एक जागा होतेय. मी सांगून ठेवलंय त्यांना. तुम्ही आईला नेऊन धडपणे परत आणलंत, तर मी परत तो विषय काढणार नाही. पण काही झालं, तर मग तुम्ही काही बोलायचं नाही.”

“कबूल,” मी म्हणालो. लिफ्टवाला शब्द देताना दोर तपासून देतो. मला वाटलं, मी तपासलाय.

हॉटेल छोटं होतं, पण समुद्राच्या तोंडावर. खोली वरच्या मजल्यावर, पश्चिमेला, भिंतभर काच. काच उघडत नव्हती, एसी होता. चावीला प्लास्टिकची जाड पट्टी होती. ती दाराजवळच्या खाचेत सरकवली की खोलीतली वीज चालू, काढली की सगळं बंद. लगेच नाही, माणूस दाराबाहेर पडेपर्यंत थोडी उसंत देते आणि मग बंद करते. मला असल्या गोष्टींचं फार अप्रूप. मी तिला चावी घालून-काढून दाखवली. ती माझ्याकडे बघत राहिली, नवीन कामगार जास्त शहाणपणा करायला लागला की बघायची तशी. मग तिनं पलंगावरची चादर ओढून काढली आणि पुन्हा घातली, कारण कोपरे नीट दुमडलेले नव्हते.

पहिला दिवस सोन्यासारखा गेला. ती जेवली, झोपली, काचेशी उभी राहून “केवढं पाणी सांडलंय” म्हणाली. मी रात्रीपर्यंत हसत होतो.

दुसऱ्या दिवशी बोटीचं गाडं अडलं. समोर एक बेट होतं, बेटावर जुना दीपस्तंभ. सकाळी बोट जायची, जेवणाच्या वेळेपर्यंत परत आणायची. मी दोघांची तिकिटं काढली होती. धक्क्यावरून बोटीत पाय ठेवला आणि बोट हलली. पायाखालची जमीन हलतेय हे तिला सहन झालं नाही. तिनं किंकाळी फोडली. मी दंड धरला तर मला मारायला लागली. “सोडा, कोण आहात तुम्ही? मी ह्या माणसाला ओळखत नाही,” ती लोकांना सांगू लागली. लोक माझ्याकडे बघू लागले. एका बाईनं तर तिला माझ्यापासून सोडवून जवळ घेतलं. मी माझ्याच बायकोचा नवरा आहे हे मला धक्क्यावर उभं राहून पटवून द्यावं लागलं. तिला मी परत नेत होतो, तेव्हा बोटवाला मागून म्हणाला, “काका, मनाला लावून घेऊ नका. तिकीट उद्याही चालेल.”

त्या संध्याकाळी ती शांत होती आणि मी खदखदत होतो. काचेतून बेट दिसत होतं. मी मनात सगळा हिशोब मांडला. ती नाश्त्यानंतर झोपते. पाटी आहे. बोट जेवणापर्यंत परत येते. मी काही तिला कुलूप घालणार नव्हतो. दार उघडंच असणार होतं, तिनं मूठ फिरवली तर बाहेर यायला मोकळी. असली वकिली मी स्वतःपाशी केली आणि खटला जिंकलो.

सकाळी मी तिला खाऊ घातलं, पाणी पाजलं, बाथरूमला नेऊन आणलं, पलंगावर निजवलं. एसी चालू ठेवला, टीव्हीवर बारीक आवाजात गाणी लावली. घरची पाटी आतल्या मुठीला लावली. हॉटेलची पाटी बाहेरच्या मुठीला लावली, म्हणजे कुणी साफसफाईला येऊन तिला एकटीला बघायला नको. दार ओढून घेताना आत एसीची घरघर ऐकू येत होती. ती ऐकून मला बरं वाटलं.

आणि बोटीत मी आनंदात होतो. हे सांगायला मला लाज वाटायला हवी आणि वाटत नाही. वारा होता, तोंडावर खारं पाणी उडत होतं, आणि कुणी माझ्या बाहीला धरून ‘घरी कधी जायचं’ विचारत नव्हतं. दीपस्तंभाच्या पायऱ्या मी धापा टाकत चढलो. वर गेल्यावर चारी बाजूंनी नुसतं पाणी. मी तिथे उभा राहून मोठ्यानं हसलो, एकटाच, वेड्यासारखा. किती वर्षांनी माझ्या डोक्यात काहीच नव्हतं.

कपाळाचा घाम पुसायला रुमाल काढला, तर रुमालाबरोबर चावी बाहेर आली.

खोलीची चावी. प्लास्टिकच्या पट्टीसकट. मी ती बघत राहिलो. बाहेर पडताना ती खाचेतून काढणं, हे हातानंच केलं होतं. इतकी वर्षं काम संपलं की आधी वीज तोडायची आणि मग हलायचं, हे माझ्याही हाडात मुरलेलं. मी दार लावेपर्यंत त्या खाचेनं उसंत दिली आणि मग सगळं बंद केलं. एसी, टीव्ही, दिवे. न उघडणारी काच. दुपारचं ऊन थेट त्या काचेवर येणार होतं.

मी पायऱ्या कसा उतरलो ते आठवत नाही. बोटवाला वाळूत बसला होता. “निघू या,” मी म्हणालो.

“वारा बघा की काका. असल्या वाऱ्यात धक्क्याला लागता येत नाही. पडेल थोड्या वेळानं.”

मी हॉटेलला फोन लावला. काउंटरवरच्या मुलीनं उचलला. आता काय बोलायचं होतं ते अगदी सरळ होतं. माझी बायको एकटी आहे, तिला विस्मरणाचा आजार आहे, दार उघडा आणि तिला बाहेर काढा. एवढंच. पण जीभ वळेना. हॉटेलवाले विचारणार, घरच्यांचा नंबर मागणार, ठमीला कळणार, आणि खिडकीजवळचा तो बरा पलंग. मी म्हणालो, “मी चुकून चावी घेऊन आलोय. खोलीतली वीज बंद झाली असेल. मिसेस आत आहेत. जरा कुणाला तरी पाठवून वीज चालू करून देता का?”

“हो सर, लगेच.”

मी फोन हातात धरून बसलो. थोड्या वेळानं त्या मुलीचाच फोन आला. “सर, दाराला पाटी होती, तरी आमच्या मावशींनी ठोठावलं. मॅडम आतून बोलल्या. म्हणाल्या, साहेब झोपलेत, त्यांना उठवू नका, काही लागलं तर मी सांगेन. खूप छान बोलल्या, सर.” मग तिनंच विचारलं, “पण साहेब म्हणजे... तुम्ही तर बाहेर आहात ना?”

“जावई आहेत आमचे बरोबर,” मी म्हणालो.

हे कुठून आलं, देव जाणे. माझा जावई तेव्हा लांब कुठेतरी ऑफिसात बसला असेल. पण इतकं सहज निघालं की काउंटरवरची मुलगीही “अच्छा, अच्छा” म्हणाली आणि तिनं फोन ठेवला. मीसुद्धा क्षणभर सुटल्यासारखा झालो. छान बोलली म्हणजे ठीकच असणार. परक्यांशी ती छानच बोलते, अजूनही, तोंडातून साखर सांडते. हे माझ्याइतकं कुणाला माहीत होतं?

वारा पडेना. मी बोटवाल्याला इतक्या वेळा विचारलं की शेवटी तो उठून लांब जाऊन बसला. मी पुन्हा पुन्हा फोन काढला आणि ठेवला. खरं सांगायचं तर आता आधी जावई पुसून टाकावा लागणार होता. ऊन डोक्यावर आलं, मग कललं. पश्चिमेला कललं. अडकलेल्या माणसांना मी जन्मभर सांगत आलो, घाबरू नका, मी येतोय. तिला मी तेवढंही सांगून आलो नव्हतो.

वारा पडला तेव्हा सावल्या लांब झाल्या होत्या. धक्क्यावरून मी धावत गेलो. या वयात माणूस धावतो ते लोक बघत राहतात. वरच्या मजल्यावर बोळात गारवा होता, आणि आमच्या दाराला हॉटेलची पाटी शांतपणे लटकत होती. मी दार ढकललं तर ते कशाला तरी अडलं. गरम हवेचा लोट अंगावर आला.

अडलं ते तिलाच. ती दारामागे उभी होती. अगदी दाराशी, मुठीपासून हातभर अंतरावर. कपडे घामानं आणि लघवीनं भिजलेले, ओठ फुटलेले, चेहरा लालबुंद. हातावर खोलीतले सगळे टॉवेल, नीट घडी घालून. किती वेळ उभी होती, कुणास ठाऊक. तिनं बोट ओठांवर ठेवलं.

“हळू,” ती म्हणाली. “साहेब उठले नाहीत अजून.”

मग तिचे गुडघे वाकले. टॉवेल मात्र तिनं सोडले नाहीत. मी तिला धरलं आणि आयुष्यात पहिल्यांदा हॉटेलच्या बोळात बोंब मारली.

डॉक्टर जवळच राहणारे होते म्हणून लवकर आले. सलाईन लावली, ओल्या फडक्यांनी अंग पुसवलं, पुन्हा पुन्हा नाडी बघितली. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, “अजून उशीर झाला असता तर...” आणि वाक्य तिथेच सोडलं. “दिवसभर यांच्याजवळ कोण होतं?”

काउंटरवरची मुलगी दारात उभी होती. “जावई होते ना, सर?” ती मला म्हणाली.

“कुणी नव्हतं,” मी म्हणालो. “तिला कळत नाही काही. मी तिला एकटीला टाकून बोटीनं गेलो होतो.”

एवढंच वाक्य होतं. ते सकाळी फोनवर बोललो असतो तर काही झालं नसतं. साफसफाईच्या मावशी भिंतीला टेकून रडत होत्या. “त्या इतक्या नीट बोलल्या हो,” एवढंच त्या म्हणत होत्या. मी त्यांना सांगायला हवं होतं की तुमची चूक नाही. सांगितलं नाही. माझ्यात तेवढंही उरलं नव्हतं.

ठमीला मीच फोन केला आणि सगळं सांगितलं, जावयासकट. ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. “उद्या दुपारपर्यंत पोचते,” ती म्हणाली. “केंद्राला कळवते. तोवर आईजवळून हलू नका, बाबा.”

मी हललो नाही. खुर्ची पलंगाला लावून बसलो, चावी खाचेत आहे का ते बघत राहिलो, आणि केव्हातरी डोळा लागला.

जाग आली ती चादर झटकल्याच्या आवाजानं. काचेतून सकाळचं ऊन आलं होतं. ती उठली होती. हाताला सलाईनची पट्टी, चेहरा उतरलेला, पण उभी होती आणि पलंगाचे कोपरे दुमडत होती. कालचं तिच्यात काही नव्हतं. तिचा दिवस कोरा होता, माझा नव्हता.

“उठलात साहेब?” ती म्हणाली. “माफ करा हं. दाराला पाटी नव्हती म्हणून आले. तुम्ही खुर्चीतच झोपला होता.”

“असू दे.”

“एकटेच आलात?”

“नाही. बायको आहे बरोबर.”

“दिसल्या नाहीत.” तिनं उशीचा अभ्रा ताणून बसवला.

काहीही सांगता आलं असतं. पण खोटं बोलण्याचा माझा कोटा संपला होता. “काल तिला खोलीत ठेवून गेलो,” मी म्हणालो. “दाराला पाटी लावून. दिवसभर. ती मरता मरता वाचली.”

तिचे हात थांबले. पाहुण्यांच्या भानगडीत पडायचं नाही, हा तिचा नेम होता. खोल्यांमधून तिनं काय काय पाहिलं असेल, पण त्यातलं तिनं कधी मलासुद्धा सांगितलं नव्हतं. “असं करू नये साहेब,” ती हळूच म्हणाली. “माणूस वाट बघत राहतं.”

मला रडू फुटलं. मी तोंडावर हात घेतला, तरी आवाज निघायचा तो निघालाच. ती आरशाकडे गेली आणि माझ्याकडे पाठ करून स्वच्छ आरसा पुसत राहिली. पाहुणा रडायला लागला की असंच करायचं, हे ती नव्या पोरींना शिकवायची.

माझं आवरल्यावर ती वळली. “समुद्र बघितला का त्यांनी?”

“बोटीला घाबरली.”

“मग बोट कशाला? काठावर बसता येत नाही का?”

हे मला सुचलं नव्हतं. भिंत नसलेलं पाणी हवं म्हणून मी बेटापर्यंत गेलो आणि काठ मला दिसलाच नाही.

“आज दुपारी तिला न्यायला येणार आहेत,” मी म्हणालो.

“दुपारला वेळ आहे की. आत्ता न्या त्यांना.” तिनं मला दटावलं, पण मायेनं. “पाण्यात पाय सोडून बसवा. उन्हाच्या आत परत आणा. खोलीची काळजी करू नका, मी आहे इथे.”

मी हात पुढे केला. “चल ना मग.”

ती एक पाऊल मागे सरली आणि संकोचून हसली. पाहुण्यानं गळ घातली की हसायची तशी. “मी कुठे येऊ साहेब? माझ्या खोल्या राहिल्यात.”

“एवढा वेळ चल. मग कर खोल्या.”

“नको, साहेब. तुमच्या मंडळींना काय वाटेल?”

मी हात तसाच धरून ठेवला. तिनं तो पाहिला, कुणाचा आहे ते तिला कळलं नाही. मग तिनं, रात्री तिचंच अंग पुसून खाली टाकलेला ओला टॉवेल उचलून खांद्यावर टाकला, दार उघडलं आणि पाहुणा बाहेर पडायची वाट बघत दार धरून उभी राहिली. बाहेरून समुद्राचा आवाज येत होता. मी खुर्चीतून उठलो नाही.